टॅबवरची चिकटपट्टी

प्रोग्रामच्या ओळी सरळ याव्यात म्हणून कीबोर्डाच्या बटणावर चिकटपट्टी लावणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझा भागीदार होता. दोन हजार सालाच्या आसपास खताच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही तिघं सॉफ्टवेअर लिहीत असू: तो, मी आणि सुनीताताई. त्याचा कायदा असा, की ओळ एक पायरी आत घ्यायची तर स्पेसचं बटण चारदा दाबायचं. एकदाच टॅब दाबून मोकळं व्हायची सोयच नव्हती, कारण चिकटपट्टी तिथंच होती. प्रत्येक कंस वेगळ्या ओळीवर, आपल्या जोडीदाराच्या बरोबर खाली. हा माणूस लग्नाच्या पंगतीतही शेजाऱ्याची पत्रावळ ओळीत सरकवल्याशिवाय घास घेत नसे.

मी एकदा वैतागून म्हणालो, "अरे बाबा, चालतंय ना? मशीनला काय फरक पडतो?"

"मशीनला न्हाई पडत, भाऊ, माणसाला पडते. पेरणारा येगळा, कोळपणारा येगळा. पेरणीचं तास वाकडं गेलं तं तण काढणारं कोळपं पिकातून जाते."

मी घरी गेल्यावर त्यानं माझ्या सगळ्या ओळी मुकाट्यानं सरळ केल्या. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

त्याच हिवाळ्यात सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या पाणीपाळीची, म्हणजे कुठल्या गावाला कधी पाणी सोडायचं याची, यादी काढायचं काम आमच्याकडे होतं. ती प्रोग्रामच्या मी लिहिलेल्या भागातून निघायची, आणि शेवटचा बदल घाईत करून मी तापानं घरी, पुसेगावला, अंथरुणात पडलो. पाणी सुटायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याकडे सुनीताताईंचा फोन आला, कालव्याच्या टोकाचं गाव यादीतून अख्खं गळालंय. यादीत नाव नाही तर पाणी नाही, आणि गहू ओंबीवर आलेला. भागीदार गावाला गेलेला. सुनीताताईंनी माझं लिखाण जन्मात उघडलं नव्हतं. तरी अर्ध्या तासात त्यांचा पुन्हा फोन आला.

"तुमचा एक कंस रांग सोडून उभा व्हता, भाऊ. बाकी समदं सरळ, म्हणून दुरूनच दिसला. शेवटचं गाव त्याच्याच बाहेर राहिलं व्हतं. यादी छापून राहिले."

टोकाच्या गावाला पाणी मिळालं. बरा होऊन गेलो तेव्हा वाटलं, आता भागीदार चांगलं ऐकवणार. चिकटपट्टीचं एक टोक सुटत आलं होतं, ते तेवढं त्यानं अंगठ्यानं दाबून बसवलं.

पुढं तो नोकरीला पुण्याला गेला, फोनही कमी झाले. फार आठवण आली की मी ती जुनी फाईल उघडतो. त्यातली त्याची ओळ कुठली अन् माझी कुठली, हे मला काही केल्या ओळखू येत नाही. मग कुठल्याही ओळीपुढच्या जागा मोजतो. चारच असतात.