होऊन जाईल, मॅडम

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जुईनगरच्या भाड्याच्या घरातून खाली उतरवायचं तर दोन दणकट माणसं लागायची. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एपीएमसी मार्केटात उभा जन्म कांद्याच्या गोण्या वाहिलेला हा माणूस. आधी गुडघे गेले, मग पक्षाघाताने एक बाजू गेली. आता व्हीलचेअरवर बसून दिवसभर खिडकीतून रस्ता बघायचे. म्हणून आम्ही नव्या बिल्डिंगमध्ये घर घ्यायचं ठरवलं. लिफ्ट हवी आणि खुर्ची आत जाईल असं बाथरूम हवं, एवढंच मागणं होतं.

नव्या घराला एजंट कशाला, असं मी म्हणत होते. बिल्डरचं ऑफिस आहे ना, जाऊन विचारू. पण नवरा म्हणाला, "आपल्याला त्यातलं काय कळतं? आपल्या बाजूने बोलणारं कुणीतरी असू दे." एजंट तर पहिल्याच भेटीत म्हणाला, "मला तुम्ही काही द्यायचं नाही. माझं बिल्डर बघतो." नवरा खूश झाला. मला मात्र ते खटकलं. बिल्डर बघणार, तर हा आपल्या बाजूचा कसा?

त्याने आम्हाला तळवलीच्या बाजूला एक प्रोजेक्ट दाखवला. टॉवरचं काम चालू होतं, पण खाली सॅम्पल फ्लॅट सजवून ठेवलेला. बाथरूमचा दरवाजा ऐसपैस. मी एजंटला बाजूला घेऊन म्हटलं, "वरच्या फ्लॅटमध्येही एवढाच दरवाजा असेल ना? नक्की विचारून घ्या."

"टेन्शन नका घेऊ मॅडम. होऊन जाईल."

बुकिंग झालं. पुढे भिंती उभ्या राहिल्यावर मी फ्लॅट बघायचा हट्ट धरला. एजंट आज नको, उद्या नको करत राहिला. शेवटी डोक्यावर हेल्मेट घालून आम्ही तिघं वर गेलो. मी पर्समधून टेप काढली. बाथरूमच्या दरवाजातून आबांची खुर्ची जाणं शक्यच नव्हतं. बाजूला कॉलम, म्हणजे दरवाजा रुंद करायचीही सोय नाही.

एजंट म्हणाला, "काका थोडंफार चालतात ना?"

माझं डोकंच फिरलं. "चालत असते तर हे सगळं कशाला केलं असतं? तुम्ही विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं मॅडम. ते बोलले, होईल."

"कोण बोललं?"

तो मोबाइलमध्ये बघायला लागला. मला कळून चुकलं, याने कुणाला विचारलंच नव्हतं.

त्यानंतर सुरू झाल्या चकरा. बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी गोड आवाजात सांगायची, "तुमचं बुकिंग एजंटकडून आहे, त्यांच्यामार्फत या." एजंट म्हणायचा, "आता माझ्या हातात काही नाही, ऑफिसला बोला." मग त्याने फोन घेणंच सोडलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे, बघू काहीतरी." मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही. आबांना मात्र सगळं ऐकू जात होतं. सकाळी मला म्हणाले, "सूनबाई, मला घिऊन चल तिकडं."

रविवारी शेजारच्या दोघांनी त्यांना उतरवलं. खुर्ची दुमडून गाडीत टाकली आणि आम्ही थेट टॉवरखालच्या त्या बिल्डरच्या ऑफिसात गेलो. आत बरीच गिऱ्हाइकं कॉफी पीत बसली होती. मी कुणाला न विचारता आबांना सॅम्पल फ्लॅटमध्ये नेलं. खुर्ची बाथरूममध्ये सहज आत गेली. मार्केटात हाका मारून कमावलेला तो आवाज पक्षाघातातूनही वाचला होता. आतूनच ते ओरडले, "आगं, हितं तर जातीया की! मग वर का जात न्हाय?"

सगळे वळून बघायला लागले. एका बाईंनी मला विचारलं, "वरचा दरवाजा छोटा आहे का?" मी माझी टेप त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात आतल्या केबिनमधून मॅनेजर धावत आले. इतके दिवस मीटिंगमध्येच असलेले हे साहेब त्या दिवशी आबांसमोर वाकून उभे होते.

शेवटी आम्हाला फ्लॅट बदलून मिळाला. खालचा मजला, समोर ठाणे-बेलापूर रस्त्याचा गोंगाट, बाल्कनी नावापुरती. पण बाथरूमचा दरवाजा रुंद. तो मात्र मी आधी मोजला, मग सही केली.

चावी मिळाली त्या दिवशी एजंट पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर. त्याचं कमिशन त्याला मिळालं होतंच. "बोललो होतो ना मॅडम, होऊन जाईल?" असं म्हणत त्याने आम्हाला हातात चावी धरायला लावून फोटो काढला आणि आमच्यासमोरच स्टेटसला टाकला. नवरा हसत होता. मला एजंटच्या हातातला फोन भिरकावून द्यावासा वाटत होता. आबांनी दोन पेढे खाल्ले, आणि "हा कोन?" असं मला विचारलं.