साडूच्या दारातला ट्रॅक्टर

ट्रॅक्टर साडूला देऊन टाकला त्या दुपारी वायरमन गाढ झोपला. दोन वर्षांत असा झोपला नव्हता.

बायको म्हणाली, "माझ्या सख्ख्या बहिणीच्या गळ्यात लोढणं बांधलंत आणि वर घोरताय."

"मी काही लपवलंय का?" तो कूस बदलत म्हणाला. "सेल्फ धोका देतो हे दहादा सांगितलं. त्यांना हौस आहे, घेऊ दे."

लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणा. सगळ्या आळीला ते ठाऊक होतं. बावीस वर्षं वायरमन लोकांच्या घरात वायरी ओढत होता. फ्यूज उडो, मोटर जळो, पंखा कुरकुरो, लोक डोळे झाकून त्यालाच हाक मारायचे. भिंतीकडे नुसतं बघून आतली वायर कुठून गेली असेल ते तो सांगायचा. त्याच्याच दारातला जुना ट्रॅक्टर मात्र आठवड्यातून तीनदा ढकलून चालू करावा लागायचा. किल्ली फिरवली की दिवे मंद व्हायचे, इंजिन फिरवणारा सेल्फ एकदा 'टक्' करायचा आणि गप्प बसायचा. त्याने बॅटरी बदलली. डायनामो उतरवून तपासून आणला. सेल्फ खोलून त्यात नवे कार्बन घातले. एकेका वायरीला टेस्ट लॅम्प लावून पाहिला, तर प्रत्येक ठिकाणी लॅम्प लख्ख पेटायचा. पलीकडचा चक्कीवाला जाता-येता विचारायचा, "काय वायरमन, दिव्याखाली अंधार का?" शेवटी कंटाळून त्याने ती ब्याद साडूकडे ढकलली.

साडू आजवर दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आलेला. साधा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची बायको, म्हणजे वायरमनची मेव्हणी, कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवायची.

आठवडा झाला असेल. वायरमन दारात आरसा टेकवून दाढी करत होता. साडू ट्रॅक्टर घेऊन आला, दारात थांबला आणि इंजिन बंद केलं. "दाजी, ऐका हं," म्हणून त्याने किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. त्याने पुन्हा बंद केलं, पुन्हा सुरू केलं.

"काय बदललंत?" वायरमनने विचारलं.

"काहीच नाही. हिला सापडलं."

वायरमनच्या गालावरचा साबण तसाच वाळला.

संध्याकाळी तो सहज आल्यासारखं दाखवत इस्त्रीच्या दुकानात गेला. मेव्हणी शर्टाची कॉलर दाबत होती. तिने हात न थांबवता सांगितलं, "हे सेल्फ मारत होते, तेव्हा मी एकेक केबल चाचपत गेले. बॅटरीवरून चासीला ती जाड काळी केबल जाते ना, तिचं चासीकडचं टोक चटका बसेल इतकं तापलेलं. बाकी सगळं गार. नट काढून बघितलं तर थिंबलच्या कडीखाली रंगच रंग. तुमच्या आधीच्या मालकाने विकताना सगळीकडे फासलाय. रंगाखाली गंज. पॉलिश पेपरने घासलं, नवा स्प्रिंग वॉशर घातला आणि आवळलं."

"पण तुला सुचलं कसं?"

"तुम्हीच नाही का सांगितलंत, माझ्या इस्त्रीचा प्लग तापायचा तेव्हा? जिथे तापतं तिथे पकड सैल असते म्हणून."

वायरमनला सगळं तिथेच उमगलं. टेस्ट लॅम्पला करंट लागतो चिमूटभर. तो गंजातूनही वाट काढतो. सेल्फला हवा असतो लोंढा, आणि तो त्या नटाखाली तुंबत होता. हे आपल्या दोन वर्षांत ध्यानात येऊ नये, आणि आपल्याच शब्दावरून हिने ओळखावं? तो "शाब्बास" म्हणाला आणि घाईने दुकानाची पायरी उतरला.

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर औषध नव्हतं. आजवर त्याने कुणाच्या घराचा हेवा केला नव्हता की कुणाच्या पोरांचा. साडूबद्दलही त्याच्या मनात काही नव्हतं. तो जळत होता मेव्हणीच्या हातावर. रोज सकाळी सात वाजता ट्रॅक्टर दारावरून जायचा आणि हा घास हातात धरून ऐकत राहायचा. आज तरी बंद पडेल, आज तरी. बायको बहिणीचं कौतुक करून थकत नव्हती. एक दिवस चक्कीवाल्याने चारचौघांत निरोप धाडला, "मोटर भुणभुणतेय. तुम्ही येता की मेव्हणीबाईंना पाठवता?" वायरमन सगळ्यांबरोबर हसला आणि घरी येऊन भरलं ताट सारून उठला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो साडूच्या घरी गेला. साडू आत झोपला होता, मेव्हणी दुकानात. वायरमनने खिशातून तेरा नंबरचा पाना काढला आणि चासीकडचा तो नट दोन फेरे सैल केला. परतताना त्याला वाटत राहिलं की मागून कुणीतरी येतंय. मागे कुणी नव्हतं.

सकाळी साडूचा निरोप आला, ट्रॅक्टर चालू होत नाही म्हणून. तो टेस्ट लॅम्प घेऊन ऐटीत निघाला, पण पोचेपर्यंत मेव्हणी चाकापाशी उकिडवी बसली होती. तिने साडूला सेल्फ मारायला लावला, केबलच्या टोकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग दोन बोटांनी नट फिरवून पाहिला. तो फिरला. ती वर वायरमनच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय झालं गं?" साडूने वरून विचारलं.

"काही नाही. सैल झालाय. तुम्ही चहा टाका जरा."

साडू आत गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "दाजी, स्प्रिंग वॉशर घातला होता मी. तो आपोआप सैल व्हायचा नाही."

थाप मारायला वायरमनकडे हजार जागा होत्या. खडबडीत रस्ता होता, नटाचा झिजलेला आटा होता. पण तिच्या बोटावर उठलेला लाल चट्टा त्याला दिसला.

"मीच केला," तो म्हणाला.

"का?"

"तुला सापडलं म्हणून."

तिने नुसता हात पुढे केला. त्याने खिशातला पाना तिच्या हातावर ठेवला. तिने नट आवळला, पाना परत दिला. "ताईला सांगणार नाही," ती म्हणाली, "पण पुन्हा माझ्या दारात असं न सांगता येऊ नका." तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं.

साडूने चहा आणला. तिघांनी उभ्याउभ्याच प्याला. साडू एकटाच बोलत होता, रस्त्यांबद्दल.

पुढे चार महिन्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी उतरायला लागली, तेव्हा मेव्हणीने स्वतः निरोप पाठवला. डायनामोमागे वायर घासून उघडी पडली होती. ती वायरमनने पाच मिनिटांत शोधली, आणि मनात लाडू फुटले म्हणून त्याची त्यालाच लाज वाटली. हेवा काही पुरता गेला नव्हता. मेव्हणीही आता त्याच्याशी मोजकंच बोलायची. चक्कीवाल्याने मात्र परत कधीतरी विचारलं, "तो सेल्फचा फॉल्ट शेवटी काढला कुणी?" वायरमन चक्कीच्या मोटरचं झाकण बसवत होता. त्याने उरलेले दोन स्क्रू आवळले, हात पुसले आणि म्हणाला, "मेव्हणीने. मला दोन वर्षं सापडला नव्हता."