पाव्हण्यांचा कार्यक्रम

आमच्या गल्लीत त्या चौघांना पाव्हणे म्हणतात. विलायती बँडवाले, चौघंही गोरे, खांद्यापर्यंत केस, छातीपर्यंत उघडे सदरे. खरं तर आज ते आमच्या थोरल्या दिरांपेक्षाही म्हातारे असतील, आणि त्यातला एक तर कधीच वारला. पण टीव्हीवर ते अजून तिशीतच आहेत. एका अफाट मैदानात घाम गाळत गाताहेत आणि समोर मुंगी शिरायला जागा नाही इतकी माणसं. संध्याकाळचे सहा वाजले की आमचे हे दिवाणावर मांडी घालून बसणार, तो कार्यक्रम लावणार, आणि गल्लीतून जाणारा कुणीतरी खिडकीतून विचारणार, "काय हवालदार, पाव्हणं आलं जणू?"

हे तोफखान्यात होते. पलूसच्या बाजूच्या आमच्या गावातली निम्मी घरं फौजेतली, त्यामुळे हवालदार होणं इथे काही विशेष नाही. पण बाकीच्यांनी येताना रम आणली, ब्लँकेटं आणली, हिंदीत शिव्या द्यायची सवय आणली. आमच्या ह्यांनी हे चौघे आणले. शिलाँगच्या बाजूला पोस्टिंग होतं तेव्हा तिथल्याच एका जोडीदारानं नाद लावला. "त्या गावात टॅक्सीवाला बी गिटार वाजवतो," असं हे आजही सांगतात, आणि सांगताना गावातल्या रिक्षांकडे अशा नजरेनं बघतात की त्या बिचाऱ्यांचंच काही चुकलं असावं.

आधी कॅसेटी होत्या. मग फलटणला दिलेल्या लेकीनं मोठा टीव्ही घेऊन दिला, त्यावर जुने कार्यक्रम कसे शोधायचे ते शिकवलं, आणि आवाजाची एक वेगळी पेटी आणून दाराआडच्या कोपऱ्यात बसवली. त्या दिवशी ह्यांना त्या मैदानावरचा कार्यक्रम सापडला. आयुष्यभर नुसता ऐकला होता, आता दिसला. मला हाक मारून एकेकाची ओळख करून दिली. हा गाणारा, हा तारा छेडणारा, हा मागं उभा राहून नुसता खर्ज धरणारा, हा ढोलवाला. मी चौघांनाही हात जोडले आणि भाकरी थापायला गेले.

मला ते संगीत कधी आवडलं नाही, हे सरळ सांगते. मी साताऱ्याची, आयुष्य गेलं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचा गोंगाट ऐकण्यात. घरी आल्यावर आणखी गोंगाट कोण ऐकणार? कुणीतरी भांड्यांची मांडणी पाडली आणि उचलायच्या ऐवजी त्यावर नाचतंय, असं मला वाटायचं. तसं मी बोलूनही दाखवायची. हे हसायचे. त्या कार्यक्रमात एक जागा होती. गाणारा गाता गाता थांबतो, माईक लोकांकडे वळवतो, आणि ते सगळं मैदान त्याच्याऐवजी गातं. ती जागा आली की हे उजवा हात वर करायचे आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणायचे, "आता ऐक."

"ऐकतीय," मी म्हणायची, आणि कुकरचं झाकण लावायची. रोजचं होतं ते.

आता भोंग्याचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. तो वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे, ते साडेआठपर्यंत. पोरांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी पेपर वाचावा नाहीतर गप्पा माराव्यात. कोरोनाच्या सुट्टीनंतर पोरांच्या हातातले मोबाईल सुटेनात, तेव्हा ग्रामसभेत हे ठरलं. दंड नाही, काही नाही, नुसता शब्द. ह्यांना तर हे फार पटलं. मागं हात बांधून रोज गल्लीतून एक फेरी मारायचे, आणि कुणाच्या खिडकीत टीव्हीचा निळा उजेड दिसला की काठीनं दारावर टकटक करायचे. आरडाओरडा कधी केला नाही. स्वतःचे पाव्हणे तर भोंग्याचा सूर खाली यायच्या आत बंद. गाणारा अर्ध्या शब्दात असला तरी बंद. मला ह्या गोष्टीचा अभिमान होता, आणि शाळेतही मी तो मिरवला.

मधल्या काळात टीव्हीचा आवाज वाढत गेला. माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण मुळातच गोंगाट, त्यात थोडा जास्त झाला तर काय कळतं? हे फोन आला की माझ्याकडे द्यायला लागले. "तूच बोल, बायकांचं बायकांत बरं असतंय," म्हणायचे, समोर जावई असला तरी. लग्नकार्यात कडेची खुर्ची धरायला लागले. मी काही विचारलं की "व्हय". दूध आणू का, व्हय. दूध नको का, तरी व्हय. मला वाटायचं, माणूस वयानं शांत होत चालला. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटत होतं.

गेल्या वर्षी द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत मी जाऊबाईंकडून दूध घेऊन येत होते आणि वाटेतच भोंगा झाला. एकेका घरातला टीव्ही बंद होत गेला. गल्ली शांत झाली, कुणाच्या तरी पोरीचे पाढे ऐकू यायला लागले. आणि त्या शांततेत आमच्या घरातून पाव्हणे ओरडत होते. इतक्या मोठ्यानं की लोक ओट्यावर आले. "हवालदाराला आज सूट हाय वाटतं," असं कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसली. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. तणतणत घरात शिरले.

हे दिवाणावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. कार्यक्रम संपून परत पहिल्यापासून लागला होता, आणि मांडीवर बोटं वाजत होती. मी म्हटलं, "आवं, भोंगा झाला." मग मोठ्यानं म्हटलं. मग शाळेत म्हणायची तसं म्हटलं. हे वळले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे माझी नजर गेली. त्यात अजून साडेसहासुद्धा वाजले नव्हते. सेल संपला होता आणि काटा एका जागी थरथरत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी आलं, आणि ते खोटं ठरावं म्हणून मी दाराआडच्या पेटीचं बटण बंद केलं. खोलीतला आवाज एकदम गेला. हे आता वळतील, "कुणी बंद केलं रं?" म्हणतील, म्हणून मी दुधाचं भांडं घेऊन तशीच उभी राहिले.

बोटं थांबली नाहीत. ढोलवाल्याच्या हातावर नजर ठेवून बोटं बरोबर ठेक्यात वाजत होती. हातातल्या भांड्याचं झाकण मी फरशीवर टाकलं. ते गरगरत दिवाणाखाली गेलं. तरी काही नाही. पडद्यावर गाणारा थांबला, त्यानं माईक लोकांकडे वळवला, हजारो तोंडं उघडली, खोलीत चिटपाखराचाही आवाज नव्हता, आणि ह्यांनी उजवा हात वर केला. मी मागं उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात असणार असं धरून, त्या दिशेला तोंड करून ते म्हणाले, "आता ऐक."

इतके दिवस ते घड्याळ बघून टीव्ही बंद करत होते. भोंगा त्यांना कधीपासून ऐकू येत नव्हता हे मी पुढं कितीदा विचारलं, त्यांनी सांगितलं नाही.

लेक आली आणि आम्ही मिरजेला गेलो. कानाच्या तपासणीसाठी ह्यांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. यंत्रावर एक तरुण मुलगी होती. हे पटापट बोट वर करायला लागले. मी लेकीचा हात दाबला. बघ, म्हटलं, येतंय की ऐकू. मग ती मुलगी थांबली, ह्यांच्याकडे बघून जरा हसली, उठून आत गेली आणि तिनं खुर्ची भिंतीकडे फिरवली. बटण दाबताना तिचा खांदा हलत होता आणि हे तो खांदा बघत होते. तोफखान्यातला माणूस, इशारा बघून बत्ती द्यायची सवय. खुर्ची फिरवल्यावर बोट मांडीवरून उठलं नाही. मी बाहेरून त्या बोटाकडे बघत राहिले. एकदा हललं, ते घाम पुसायला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तोफांनी कानाची नस आधीच मारून ठेवली होती, वयानं उरलेलं काम केलं. कानाच्या मशीननं बोलणं थोडंफार समजेल. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं वाचून ह्यांनी विचारलं, संगीत? डॉक्टर भला माणूस, त्यानं नजर चुकवली नाही. मान हलवून नाही म्हणाला.

तरी मशीन घेतलं. आशा सुटत नाही माणसाची. घरी येऊन हे आंघोळ करून आले, इस्त्रीचा शर्ट घातला, मशीन कानाला लावलं आणि पाव्हणे लावले. मी त्या दिवशी पहिल्यांदा कार्यक्रम सुरू होण्याआधीच त्यांच्या शेजारी दिवाणावर बसले. ढोल सुरू झाला. ह्यांचा चेहरा आकसला. गाणारा गायला लागला. हे माझ्याकडे वळले.

"ह्यो कोण?" म्हणाले. "ह्यो त्यो न्हाई."

मी पडद्याकडे बोट दाखवलं. तोच की.

"पत्र्यावर खडं टाकल्यासारखं वाजतंय," ते म्हणाले, आणि मशीन काढून तळहातावर धरून बसले. तळहातावर ते बारीक शिट्टी मारत होतं. ती मला ऐकू येत होती. मग त्यांनी ते डबीत घातलं आणि डबी शोकेसमध्ये, मेडलांच्या शेजारी, ठेवून दिली. नातवंडं आली की तेवढ्यापुरतं काढतात.

त्यानंतर पेटी बंदच असायची. "कशाला वीज जाळायची," म्हणाले. सहाला टीव्ही लागायचा, मुका. चार माणसं तोंडं वासताहेत, मैदान उसळतंय, आणि खोलीत पंख्याची घरघर. मी घड्याळात नवा सेल घातला होता, पण ह्यांनी आता घड्याळाचा भरवसा धरला नाही. मला म्हणाले, "भोंगा झाला की खांद्याला हात लाव. तू लावलास की मी बंद करणार." तसंच चाललं. भोंगा होतो, मी खांद्यावर हात ठेवते, हे रिमोट उचलतात. गल्लीतली फेरी सोडली. आता कुणी पाव्हण्यांबद्दल विचारत नाही. खिडकीतून आत बघतात आणि पुढं जातात. मला ते विचारणं इतकं हवंसं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. घर आजारी माणसाच्या घरासारखं झालंय, आणि आजारी कुणीच नाही.

परवाची गोष्ट. टीव्ही लावल्यावर हे म्हणाले, "पेटी लाव की."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मला न्हाई. तू ऐक."

मी पेटी लावली. शेजारी येऊन बसले. हे पडद्याकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मन लावून ऐकलं. शपथेवर सांगते, शाळेतल्या तपासणीच्या दिवशीसुद्धा मी इतकी सावध बसले नसेन. ती जागा आली. गाणारा थांबला, माईक वळला, आणि ते मैदान गायला लागलं.

"गात्यात?"

मी मान हलवली.

"कसं गात्यात?"

"लय भारी," मी तोंड मोठं करून म्हटलं.

"तसं न्हाई," ते म्हणाले. रागानं नाही. तहानलेला माणूस घोटभर पाणी मागतो तसं. "त्यो थांबल्यावर गाणं जरा खाली जातंय आणि मग वर येतंय. सगळी मिळून. ते कसं हाय? पहिल्यासारखंच हाय का?"

पहिल्यासारखं म्हणजे कसं, हे मला माहीत नव्हतं. पहिलं मी ऐकलंच कुठं होतं? माझ्या कानात ती हजारो माणसं येत होती, अगदी स्वच्छ, आणि मला त्यातलं खालचं कुठलं, वरचं कुठलं, काही कळत नव्हतं. आयुष्यभर पोरांना कविता समजावून सांगितल्या. माझ्या नवऱ्याला हवी असलेली एक ओळ मला सांगता येईना. ते वाट बघत होते. माझ्या ओठांवरची नजर काढत नव्हते. मला ते सहन होईना.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

भोंगा झाला नव्हता. ह्यांनी मान वळवून घड्याळाकडे बघितलं. नवा सेल, घड्याळ बरोबर चाललं होतं, सात वाजायला बराच वेळ होता. मग माझ्याकडे बघितलं. मी हात काढला नाही.

"झाला व्हय," ते म्हणाले, आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

आम्ही दोघं तसेच काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं भोंगा वाजला. हे समोर बघत होते. मी त्यांना काही सांगितलं नाही.