उलटी पुंगळी

ओहायोतला ऑर्विल लेकीच्या नेमबाजीसाठी काडतुसं घरीच भरायचा. गोळी बसवायच्या आधी बायको डेल्फा विजेरी घेऊन काडतुसाच्या प्रत्येक पुंगळीत डोकवायची. एखादीत दारू पडलेली नसली, की ती फळीवर उलटी ठेवून म्हणायची, "म्हाताऱ्या, दारूविना हिची गोळी बंदुकीच्या नळीतच अडकली की पुढची पोरीच्या हातात फुटेल!"

डेल्फा मार्चमध्ये गेली. उद्याच्या सामन्यासाठी ऑर्विलने एकट्यानेच पन्नास पुंगळ्यांत दारू भरली, तेवढ्यात लेकीचा फोन आला म्हणून तो वर गेला.

"बाबा, तपासल्यात ना?"

"तपासतो गं."

तळघरात परतला, तर तिसऱ्या रांगेतली एक पुंगळी उलटी. फळीवर दारूचा कणही सांडलेला नव्हता. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

त्याने विजेरी लावली.

"सरक जरा," तो हळूच म्हणाला, "उरलेल्या दोघं मिळून बघू."