दोन्ही हातांनी

कोऱ्या शालीचा वास आला की मला टेंभुर्णीचा हायवे आठवतो. सोलापूरहून अकलूजला लग्नाला निघालो होतो. घरी एकटी ठेवली की जेवत नसे, म्हणून आमची कुत्रीही गाडीत होती. वाटेत मेहुण्याच्या दुकानाशी थांबलो, तर त्यानं माझ्या बढतीच्या सत्काराचा घाट घातलेला. फ्लेक्सवर माझा फोटो होता, शेजारी त्याचा स्वतःचा, थोडा मोठा. अशा सत्कारांची मी नेहमी टिंगल करायचो. तरी शाल घेतली, फेटा बांधून घेतला आणि दुकानाच्या काचेत पाहूनही घेतला. कुत्रीचा पट्टा डाव्या हातात होता, म्हणून नारळासाठी उजवा हात पुढे केला. "दाजी, एका हातानं नारळ घेत्यात व्हय? फोटोत कसं दिसंल ते!" मेहुणा म्हणाला. लोक हसले. मी पट्टा सोडला आणि दोन्ही हात पुढे केले. तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवली. कुत्री बिथरून थेट हायवेवर पळाली आणि ट्रकखाली आली. बायको धावली, मागोमाग मी. ती कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वर बघून एवढंच म्हणाली, "अहो, तो नारळ ठेवा की खाली." मग माझ्या खांद्यावरची शाल ओढून तिनं कुत्रीला गुंडाळलं. अजूनही कुठं सत्कार झाला तर नारळ मी एका हातानं घेतो. लोक मला शिष्ट समजतात. समोर बसलेली बायको तेवढ्यापुरतं खाली बघते.