बाप आधी काढायचा

लहान मूल जवळ आलं की घाणेकर आपले हात पाठीमागे न्यायचे. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचे आणि एक पाऊल मागे सरायचे. मोठ्या माणसांशी बोलताना हेच हात मोकळे असत. चांगले फावड्यासारखे रुंद हात, नखांच्या कडा कारखान्यातल्या तेलाने काळ्या झालेल्या. आम्ही भवानीपूरच्या त्या घरात सामान उतरवत होतो तेव्हा माझी चार वर्षांची मिनी मराठी शब्द ऐकून आनंदाने त्यांच्याकडे धावली, आणि हा धिप्पाड माणूस मागे सरत सरत भिंतीला टेकला. "हिला घ्या वहिनी," एवढंच म्हणाले. मला रागच आला. परक्या मुलखात मराठी शेजार मिळाला म्हणून मी हरखले होते, आणि शेजारी निघाला हा असा.

आमच्या ह्यांची बँकेतली बदली कलकत्त्याला झाली तेव्हाची ही गोष्ट. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली घाणेकर, मागच्या बाजूला घरमालक. घाणेकर गार्डन रीचकडच्या एका कारखान्यात फोरमन होते. सकाळी डबा घेऊन बस पकडायची, संध्याकाळी परत. बायको आणि मुलगा नागपूरला. घाणेकर तिकडे जात नसत आणि तिकडून कोणी येत नसे. घरमालकीणबाईंना सगळे मासीमा म्हणत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला जिन्याखाली गाठून सांगितलं, "देश में कुछ करके आया है. उसका हाथ देखा?" मासीमांच्या तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. पण ते हात मी पाहिले होते.

घाणेकरांच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि बाकी सगळ्या माशांच्या काचेच्या पेट्या. हवेचा पंप दिवसभर गुरगुरत असे. हातीबागानच्या रविवारच्या बाजारात लाल-निळे, शेपटीचे पंखे करणारे मासे मिळत, पण घाणेकरांनी आणली होती एकच जात. बोटाच्या पेराएवढे, मातकट रंगाचे, तोंडाला मिशा असलेले, तळाची वाळू हुंगत फिरणारे. बंगाल्यांच्या शिंगी-मागूर माशांचे परदेशी भाऊबंद. घरमालक दारातून डोकावून म्हणत, "एतो माछ, अथचो खान ना!" घरात एवढे मासे आणि माणूस एकही खात नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. घाणेकर म्हणायचे, "खायचं काम त्यांचं ते करतात." आणि हसायचे. त्या हसण्याने मला बरं वाटत नसे.

वैशाखातल्या एका रविवारी दुपारी त्यांनी खालून हाक मारली. "वहिनी, मिनीला गंमत दाखवायची असेल तर आत्ता या. वादळ यायच्या आधी माशांना कळतं." बाहेर पान हलत नव्हतं. वायव्येकडे आभाळ काळंठिक्कर झालं होतं. पेटीत मादी वर-खाली करत होती. पोटाखालच्या परांमध्ये तिने अंडी धरली होती, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, आणि ती एकेक काचेला चिकटवत होती. मागे एक नर. घाणेकर जाळी घेऊन उभे होते. मादी वळते न वळते तोच नर काचेपाशी आला आणि त्याने तोंड उघडलं. त्याच क्षणी जाळी पाण्यात उतरली. नर बाहेर, कोपऱ्यातल्या पाण्याने भरलेल्या मातीच्या गमल्यात.

"त्याला का काढलं?" मिनीने विचारलं. घाणेकरांचे हात जाळीसकट पाठीमागे गेले होते. जाळीचं पाणी फरशीवर टपटपत होतं.

"तो अंडी खातो."

"स्वतःची?"

"स्वतःची आहेत हे त्याला कळत नाही, बाळ. तो दुष्ट नाही. समोर आलं की तोंड उघडतं, बस्स."

"मग अंडीच काढा ना!"

"अंडी हलवली की बुरशी धरते. पांढरी पडतात. अंडी आपल्या जागी राहू द्यायची, बाप काढायचा. आईलाही काढायचं, पण तिचं काम झाल्यावर. बाप आधी." मग मिनीकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाले, "आणि खायला लागायच्या आधी काढायचा, वहिनी. खाल्ल्यावर काढून काय उपयोग?"

एवढ्यात वादळ आलं आणि आम्ही खिडक्या लावायला वर पळालो.

त्यानंतर मिनीला खालच्या खोलीचं वेडच लागलं. काचेला नाक लावून बसायची, आणि घाणेकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हात मागे, तिच्या प्रश्नांना उत्तरं देत उभे. मीही हळूहळू निवळले. माणूस विक्षिप्त, पण बोलणं इतकं मऊ की मासीमांचीच मला कीव वाटायला लागली.

मग तपनची गोष्ट घडली. तपन म्हणजे घरमालकांचा भाचा, कॉलेजात जाणारा, जरा टवाळ. शहरात ते दिवसच असे होते की कोपऱ्यावर बाँब फुटला की दुकानं धडाधड बंद व्हायची आणि रिकामी पोरं घराघरांत अडकून पडायची. तशाच एका दुपारी तो खाली आला आणि अंडी असलेल्या पेटीवर किल्लीने टकटक करायला लागला. घाणेकरांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत. मी मिनीला न्यायला दारात आले तेव्हा तपनचा गळा त्यांच्या एका हातात होता आणि तपनच्या टाचा जमिनीपासून सुटल्या होत्या. मला आजही आठवतो तो त्यांचा चेहरा. त्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. आत कोणी नसलेल्या घरासारखा चेहरा. मी किंचाळले. त्यांनी हात सोडला, हाताकडे पाहिलं, आणि मोरीत जाऊन तो धूत बसले. पाण्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू येत होता.

मी मिनीचं खाली जाणं बंद केलं. दोन-तीन दिवसांनी घाणेकर जिन्याच्या तळाशी येऊन उभे राहिले. वर आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "बरोबर केलंत वहिनी. मी असतो तर हेच केलं असतं. मी हेच केलंय." आणि मग पायरीला टेकून, वर न बघता, त्यांनी सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, मुलगा वसंत तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याने दुधाचा पेला सांडला. घाणेकरांचा हात उठला. किती जोराने, ते त्यांना आठवत नव्हतं. पोर उंबऱ्यापलीकडे पडलेलं दिसलं तेव्हा भान आलं. उजव्या कानाने वसंतला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. "बायको म्हणाली, जाऊ दे, होतं रागाच्या भरात. पण मला राग आलाच नव्हता हो! राग आला असता तर आवरता आला असता." त्याच महिन्यात त्यांनी मिळेल तितक्या लांबची नोकरी धरली. मासे पाळायला लागले ते नंतर. "पहिल्यांदा त्याला अंडी खाताना पाहिलं, तेव्हा वाटलं, चला, हे फक्त माझ्याच घरात नाही."

मला त्या माणसाची भीती वाटत होती आणि दयाही येत होती. दोन्ही एकदम.

पुढच्या वर्षी वसंत येणार असल्याचं कळलं. घाणेकर पुन्हा जिन्यापाशी. "त्याला वर तुमच्याकडे उतरवून घ्याल? माझ्या खोलीत नको."

"अहो, लग्न झालेला बाप्या आहे आता तो!"

"तो मोठा झाला. हात तेच आहेत."

वसंत आला. उंच, हसरा, समोरचा बोलायला लागला की डावा कान पुढे करणारा. तासाभरात मिनीला खांद्यावर घेऊन गच्चीत फिरत होता. हा मुलगा पाहून कोणाचंही भय पळालं असतं. माझंही पळालं. संध्याकाळी बाप-लेक खालच्या खोलीत बसले, दार सताड उघडं ठेवून, घाणेकरांनीच सांगितल्याप्रमाणे. मी चहा घेऊन गेले तेव्हा वसंत बोलत होता.

"सुमतीला दिवस गेलेत, बाबा. उद्या ते पोर विचारेल, आजोबा कुठे आहेत. मी काय सांगू? तुम्ही आम्हाला का टाकलंत?"

घाणेकर उभे होते, हात मागे. "तुझा कान कशाने गेला, आईने काय सांगितलंय?"

"ताप आला होता."

"ताप नव्हता, वसंत." आणि जे मला सांगितलं होतं तेच त्यांनी त्याला सांगितलं. शब्द वाढवला नाही, कमी केला नाही.

वसंतच्या तोंडावरून हसू गेलं, मग दुःख गेलं, मग काहीच उरलं नाही. तो चेहरा मी ओळखला. पुढच्या क्षणी त्याची मूठ जवळच्या पेटीत घुसली. काच, पाणी, फरशीवर तडफडणारे मासे. माझ्या मागोमाग आलेली मिनी मोठ्याने रडायला लागली. त्या आवाजासरशी वसंत वळला, आणि रक्ताने भरलेला त्याचा हात तिच्या डोक्यावर उचलला गेला.

घाणेकरांचे हात पाठीमागून सुटले. इतक्या अवजड माणसाला इतकं चपळ मी कधी पाहिलं नव्हतं. ते मध्ये आले, वसंतची दोन्ही मनगटं त्यांनी धरली आणि त्याच्या डाव्या कानाशी म्हणाले, "वसंत, मी आहे. इकडे बघ. मी आहे." त्याला भानावर यायला वेळ लागला. आपण काय करायला निघालो होतो हे कळलं तेव्हा तो त्या पाण्यातच बसला आणि लहान मुलासारखा रडला.

घाणेकरांनी त्याच्या हातातल्या काचा काढल्या, पट्टी बांधली, वाचले तेवढे मासे गमल्यात टाकले. मग मला म्हणाले, "इतकी वर्षं वाटत होतं, बाप काढला की झालं. अंड्यात काय गेलंय ते मी पाहिलंच नाही, वहिनी."

महिनाभरात त्यांनी नोकरी सोडली, पेट्या हातीबागानच्या माणसाला देऊन टाकल्या आणि ते नागपूरला निघाले. "आता लांब राहून चालणार नाही. तिथे मध्ये उभं राहायला हवं." हावड्याला गाडी हलली तेव्हा आमचे हे समाधानाने म्हणाले, "चला, घर एक झालं." मला नाही समाधान वाटलं. एका घरात आता तसे दोन हात जास्त झाले होते, आणि एक बाळ यायचं होतं. कित्येक दिवस नागपूरहून पत्र आलं की उघडायला माझा धीर होत नसे. पत्रात खुशालीपलीकडे काही नसायचं, आणि खुशालीच्या पत्रांवर माझा विश्वास उरला नव्हता.

काही वर्षांनी बदलीच्या गावी जाताना आम्ही नागपूरला उतरलो. घाणेकर आदल्या हिवाळ्यात गेले होते. फोटोला हार होता. सुमतीने, त्यांच्या सुनेने, मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि सांगितलं, "ह्यांना आणि बाळाला मामंजी कधी एकटं सोडत नसत. ह्यांचा आवाज चढला की येऊन मध्ये उभे. एकदा ह्यांचा हात सुटला तो मामंजींच्या तोंडावर बसला. दात पडला. तर हसले आणि म्हणाले, योग्य जागी बसला." ती सांगत होती आणि मी बाहेरच्या खोलीकडे कान लावून होते. वसंतचा आवाज येत होता, मऊ, अगदी बापासारखा.

आम्ही बाहेर आलो तेवढ्यात त्याची मुलगी रेवा अंगणातून धावत आत आली आणि बापाकडे झेपावली. वसंतने झटकन दोन्ही हात पाठीमागे नेले. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. एक पाऊल मागे सरला, आणि मग तसाच, हात न सोडता, तिच्यासमोर वाकला. पोरीला त्याची सवय असावी. तिने खुशाल त्याच्या गळ्यात हात टाकले.

मला वसंतचा उजवा कान आठवला. मी पुढे झाले. रेवाची पाठ माझ्याकडे होती. मी तिच्या डाव्या कानाच्या बाजूला गेले आणि पुटपुटल्यासारखी, हळूच हाक मारली. तिने वळून पाहिलं. ती पुन्हा बापाशी बोलायला लागली तेव्हा मी उजव्या कानाच्या बाजूला गेले आणि आवाज आणखी लहान केला.

रेवा लगेच वळली.