साबणाची भावकी

आमच्या लॅबमधल्या जंतूंचा कचरा रोज संध्याकाळी ऑटोक्लेव्हमध्ये जातो, वाफेवर शिजतो आणि मगच बाहेर पडतो. किस्से मात्र कुठल्याच वाफेला मरत नाहीत. ते साठतच राहतात! बाहेरच्या पॅसेजमध्ये चहा आला की एकेक निघतो. मग काझी मॅडम आतून ओरडतात, "हसना बंद करो, प्लेटा बघा!" आणि दोन मिनिटांत स्वतःच कप घेऊन आमच्यात येऊन बसतात.

आम्ही तिघं. डॉ. काझी मॅडम आमच्या प्रमुख. शहागंजाच्या बाजारात वाढलेल्या, त्यामुळे भाजीवाला असो की मंत्री, दोघांशी बोलायचा सूर एकच. गजानन टेक्निशियन, दौलताबादकडचा. आणि तिसरी मी. शहरात कुठल्या दवाखान्यात साथ आली की पेशंटमधला जंतू आमच्याकडे येतो. आम्ही तो वाढवतो, त्याचा डीएनए मशीनवर अक्षर न् अक्षर वाचतो आणि साथ कुठून कुठं गेली ते शोधतो. नातेवाइकांना वाटतं आम्ही लघवी तपासतो. वाटू दे!

*

मशीन आलं तेव्हाची गोष्ट. डीएनए वाचणारा सिक्वेन्सर म्हणजे केवढं तरी धूड असणार, म्हणून उद्घाटनाला मंडप घातला होता. खोक्यातून निघालं ते स्टेपलरएवढं! पाहुणे आले, त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि कोपऱ्यातल्या डीप फ्रीजरला हार घातला. नारळही त्याच्याच पुढं फुटला.

मी सांगायला पुढं होणार, तोच मॅडमनी माझा हात धरला. "रहने दे गं. फ्रीजर बिचारा लई दिवसांपासून राबायलाय. त्याला कोण विचारतं?"

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. अत्याधुनिक यंत्र म्हणून, फ्रीजरचा!

*

गजूला घरी काही केल्या आपलं काम समजावून सांगता येईना. शेवटी त्यानं सांगितलं, "जंतूंची भावकी काढतो. ज्यांचा डीएनए जवळजवळ सारखा, ते एकाच घरातले. म्हंजी कोण कुणाकडून आलं ते कळतं." भावकी म्हटल्यावर अख्ख्या गावाला समजलं. इतकं समजलं, की थोड्याच दिवसांत त्याचे मेंढ्या राखणारे मामा पिशवीत लोकर घेऊन लॅबच्या दारात हजर!

"गजू, ही मेंढी माझीच हाय. शेजारचा म्हंतो त्याची. घाल मशिनीत."

"मामा, आमच्याकडं फक्त जंतूंचं व्हतं."

मामांनी मशीनकडं पाहिलं, मग भाच्याकडं. "डोळ्याला न दिसणाऱ्या जंतूचा बाप सांगायलास, अन् एवढ्या मोठ्या मेंढीचा नाय? मग तुला ठिवलंय कशाला?"

लोकर घेऊन मामा गेले. गजू आजही मामांच्या घरी जाताना आधी फोन करून अंदाज घेतो.

*

एकदा मशीन चालू असताना दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरही धापा टाकायला लागला. मॅडमनी थेट वीज कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. "अहो, आमचे जंतू अर्धेच वाचून झालेत!"

पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, उरलेले उद्या वाचा. आम्ही पण अशीच परीक्षा दिली होती."

मॅडमनी हसत फोन ठेवला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

*

पण खरा किस्सा वेगळा. तो सांगताना मला अजून राग येतो, आणि मी तो लपवणार नाही.

शहरातल्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात नवजात बाळांच्या वॉर्डात एकामागून एक बाळं तापाला लागली. औषध बदलून ती सावरायची, तोवर नवीन आलेलं बाळ आजारी. रक्तात जंतू एकच, क्लेबसिएला. मालक-डॉक्टरांनी, म्हणजे तिथल्या मोठ्या सरांनी, आमचं मशीन चालू व्हायच्या आधीच निकाल लावून टाकला होता. वॉर्डातल्या मंगल सिस्टरचे हात! ती बाळांना सगळ्यात जास्त हाताळते, म्हणून तीच दोषी. तिला घरी बसवलं, आणि आमचा रिपोर्ट आला की कायमचं काढायचं ठरलं.

आम्ही स्वॅब घ्यायला गेलो तेव्हा मंगल सिस्टरलाही बोलावून घेतलं. हात पुढं करून ती म्हणाली, "मॅडम, माझ्याइतके हात इथं कुणीच धूत नाही हो. कातडी निघायली. तरी म्हंतेत तुझ्यामुळं लेकरं आजारी. मला रात्री झोप नाय." तिचे हात खरंच सोलवटलेले होते. मला तिच्या डोळ्यांकडं बघवेना.

नळ, स्टेथोस्कोप, पाळणे, सगळ्यांचे मोबाइल, काही सोडलं नाही. मोठे सर मात्र मोबाइल देईनात. "मी एमडी आहे!"

मॅडम म्हणाल्या, "सर, जंतू पाटी वाचून आत येत नाहीत."

गजूनं मोबाइल कधी हातात घेऊन स्वॅबनं पुसला ते सरांना कळलंसुद्धा नाही.

*

रिझल्ट आले. बाळांमधले सगळे जंतू एका घरातले, सख्खे भाऊ. मंगल सिस्टरच्या हातावर त्यांच्यापैकी कुणीच नाही. मोबाइलवर नाही, नळावर नाही. आणि बेसिनजवळच्या लिक्विड सोपच्या बाटलीत अख्खी भावकी नांदत होती!

आमचाच विश्वास बसेना. नक्की आपल्याच हातून काहीतरी मिसळलं, म्हणून पुन्हा नमुने आणले, पुन्हा वाचले. पुन्हा तेच.

मग उलगडा झाला. साबण पुरवून वापरा, अशी वरून तंबी होती. त्यामुळं बाटली कधी रिकामी करून धुतलीच जात नव्हती. थोडा साबण उरला की त्यात पाणी, वर नवीन साबण, परत पाणी. पातळ साबणात जंतू मजेत वाढतात. त्या साबणानं हात धुवायचे आणि बाळाला उचलायचं! साथीमुळं हात जास्त धुतले जात होते, आणि हात धुतल्यामुळं साथ वाढत होती. मंगल सिस्टर सुटली होती ती एकाच कारणानं. घरी बसवल्यापासून ती त्या साबणाला शिवलीच नव्हती!

मॅडमनी रिपोर्ट लिहायच्या आधी वॉर्डात फोन केला, "पहले बोतलां उचलो. बाकीचं मग बोलू." बाटल्या उचलल्या. नवीन बाळ आजारी पडणं थांबलं.

*

आता सगळे खूश व्हायला पाहिजेत की नाही? छे! मोठ्या सरांचा फोन आला. "मॅडम, साबण वगैरे नको. 'उगम अज्ञात' असं लिहा."

"अज्ञात असता तर लिहिलं असतं, सर. मला ज्ञात आहे ना!"

"तुमच्या लॅबला पुढं सॅम्पल लागतील की नाही?"

"साथ तुमच्याकडं येते. सॅम्पल घेऊन तुम्हीच याल, मी आमंत्रण द्यायची गरज नाही."

फोन ठेवल्यावर मॅडम म्हणाल्या, "घाबरले गं मी." पण रिपोर्टातला एक शब्द हलला नाही.

*

मग मीटिंग. लांब टेबल, दवाखान्याचे सगळे मोठे डॉक्टर, आम्ही तिघं. मंगल सिस्टरला बाहेर बाकावर बसवलेलं. मधोमध गरमागरम कचोऱ्या.

मोठ्या सरांनी सुरुवातच केली, "साबणात कधी जंतू असतो का? शाळकरी पोरगंही हसेल. बाटल्या काढल्या म्हणजे आपण चूक कबूल केल्यासारखं होतं. म्हणून स्टोअरमध्ये ठेवलेल्या त्या बाटल्या आजच परत लावायच्या. आणि सिस्टरचा विषय आजच संपवायचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडम शांतपणे म्हणाल्या, "गजू, जरा स्टोअरमधून त्यातली एक बाटली घेऊन ये."

गजूनं ग्लोव्हज घातले आणि बाटली आणून कचोऱ्यांच्या शेजारी ठेवली. आतला साबण निळसर, पातळ.

"सर बरोबर म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "साबणच आहे. बेसिन मागंच आहे. सगळ्यांनी याच्यानं स्वच्छ हात धुवा आणि बिस्मिल्ला करा. कचोऱ्या गार व्हायल्यात."

एका डॉक्टरांनी हात टेबलाखाली घेतले. दुसऱ्यांनी आपली खुर्ची बाटलीपासून जरा मागं सरकवली.

"सर, पहिले तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

मोठ्या सरांनी बाटलीकडं पाहिलं. मग दाराकडं बघून शिपायाला हाक मारली, "अरे, मंगल सिस्टरला आत बोलव. तिला खुर्ची दे, प्लेट दे. आणि येताना चमचे आण... सगळ्यांना!"